बाहेरचा पार्ट आणि कंपनीची वॉरंटी

नव्या मोटारीच्या इंजिनात कंपनीने न दिलेला सुटा भाग बसवला, एवढ्यानेच तिची वॉरंटी संपत नाही. त्या भागामुळे जे बिघडले असेल तेवढ्याचा खर्च कंपनी नाकारू शकते. बाकीच्या गाडीची हमी कायम राहते. तत्त्व साधे आहे. पण भिलाईत सुपेल्याच्या गॅरेजात मिस्त्री "काही होत नाही" म्हणतो आणि जी. ई. रोडवरच्या शोरूमच्या काउंटरवर त्याच ग्राहकाला "वॉरंटी गेली" असे ऐकवले जाते, तेव्हा दोघांच्याही बोलण्यात बिघाडाचे कारण कुठेच नसते. इंजिनाच्या वॉरंटीचा सगळा व्यवहार मात्र कारणावरच उभा आहे: काय तुटले, कशामुळे तुटले आणि ते दाखवून देणार कोण.

ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या किलोमीटरांच्या आत मालात किंवा जोडणीत दोष निघाला, तर तो भाग विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची हमी म्हणजे वॉरंटी. भारतात आज बहुतेक प्रवासी मोटारींना निदान ३ वर्षांची वॉरंटी मिळते. काही कंपन्या तिला १,००,००० किलोमीटरांची मर्यादा घालतात, काही घालत नाहीत. मारुती सुझुकीची २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर ही जुनी मुदत जुलै २०२४ मध्ये ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर झाली. वापराने झिजणाऱ्या वस्तू या हमीतून सहसा वगळलेल्याच असतात. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरची रबरे या त्यातल्या. म्हणजे लोक ज्या वस्तू हमखास बाहेरून घेतात, त्यांच्यावर कंपनीची हमी आधीही नव्हती. वाद होतो तो त्या वस्तूच्या शेजारच्या भागावरून. एअर फिल्टर काहीशे रुपयांत येतो. त्याच्या पलीकडे नळीच्या टोकाशी असलेला टर्बोचार्जर बदलायचा झाला तर महिन्याचा पगार पुरत नाही.

पॉवर हाउस आणि सुपेला भागातल्या दुकानांत जे सुटे भाग मिळतात, ते सगळे एका पंक्तीत बसवता येत नाहीत. मोटार कंपनीच्या नावाच्या डब्यातला भाग हा एक प्रकार. तोच भाग ज्या कारखान्यात तयार होतो, त्या कारखान्याच्या स्वतःच्या डब्यातला भाग हा दुसरा. बॉश, माहले, डेन्सो, एनजीके हे उत्पादक मोटार कंपन्यांनाही माल पुरवतात आणि बाजारातही आपल्या नावाने विकतात. तिसरा प्रकार स्वतंत्र उत्पादकांचा. ते मोटार कंपनीला माल देत नाहीत, पण स्वतःच्या नावाने, पार्ट नंबर छापून, स्वतःच्या हमीसह भाग विकतात. चौथा प्रकार नकली मालाचा: डबा कंपनीचा, होलोग्रामही हुबेहूब, आत मात्र कुठले तरी भलतेच सामान. काउंटरवर चारही डबे शेजारी शेजारी असतात आणि पहिले तीन वैध व्यापाराचे आहेत. चौथा गुन्हा आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ मध्ये त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. वॉरंटीच्या वादात सर्वात जास्त नुकसान याच चौथ्या प्रकाराने होते, कारण ग्राहक अस्सल समजून तो घेतो आणि इंजिन बसल्यावर त्याच्या हातात बिलही नसते. स्वस्त दिसला म्हणून भाग घ्यावा की नाही हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. बिल न घेता मात्र कधीच घेऊ नये.

भिलाईच्या हवेत आणि भिलाईच्या वापरात इंजिनाला जे सोसावे लागते, ते कंपनीच्या पुस्तिकेत "कठीण परिस्थितीतील वापर" या मथळ्याखाली येते. पोलाद कारखान्यात दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक येतो, कोळसा येतो. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत ट्रकांची ये-जा थांबत नाही. गाड्यांच्या बॉनेटवर सकाळी लालसर थर दिसतो तो लोहखनिजाचा, पण इंजिनाचा खरा शत्रू त्याच्यात मिसळलेली रस्त्याची वाळू. वाळूतले क्वार्ट्झ सिलिंडरच्या ओतीव लोखंडाहून कठीण असते. फिल्टरच्या कडेच्या रबरातून केसाएवढी फट राहिली, तरी ही धूळ पिस्टनच्या वरच्या रिंगेला आणि सिलिंडरच्या वरच्या भागाला घासत राहते. टर्बोच्या पंख्याची पाती कडेने बोथट होतात.

म्हणून अनुभवी मिस्त्री फिल्टर काढल्यावर आधी फिल्टर पाहत नाही. तो फिल्टरच्या पलीकडच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पांढरे फडके गुंडाळलेले बोट फिरवतो. फडक्यावर कण आले, तर धूळ आत गेलेली आहे, मग फिल्टर कोणत्याही डब्यातला असो. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची. तिचा फोटो काढून ठेवला तर पुढे क्लेमच्या वेळी तो पुरावा होतो, दोन्ही बाजूंनी. नळी स्वच्छ असेल तर "बाहेरच्या फिल्टरमुळे टर्बो गेला" हे म्हणणे टिकत नाही. नळीत वाळू असेल तर ग्राहकाने टर्बोचा क्लेम मागणे न्याय्य नाही. तेल लावलेले कापडी एअर फिल्टर बसवण्याची हौस काही तरुणांना असते. त्यातले तेल जास्त झाले की ते हवेचे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसते आणि सेन्सर चुकीचे माप देऊ लागतो. तिथे कारण आणि परिणाम यांत फारसे अंतर नसते.

टाउनशिपमधल्या गाड्यांचे दुखणे वेगळे. सेक्टरमधल्या क्वार्टरपासून कारखान्याच्या गेटपर्यंत चार-पाच किलोमीटर, शिफ्ट संपली की तेवढेच परत. इंजिन पुरते तापायच्या आत बंद होते. न जळालेले इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते. थंडीच्या दिवसांत ऑइलच्या झाकणाखाली पिवळट पांढरा लगदा साचतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी गाळणारा फिल्टर आला. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगाने चालावी लागते. सेक्टर ते गेट या धावेत ते होत नाही. काजळीचा दिवा लागतो, गाडी शोरूमला जाते आणि तिथे कळते की मागच्या वेळी ऑइल बाहेर बदलले होते. इथे खरे कारण दोहोंपैकी कोणते, वापर की ऑइल? ऑइल कमी राखेचे, म्हणजे पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणाचे असेल, तर दोष वापराच्या पद्धतीकडे जातो. जुन्या गाडीचे जास्त राखेचे ऑइल घातले असेल, तर ती राख काजळीसारखी जळत नाही, फिल्टरमध्येच साठते. मात्र एका ऑइल बदलीने तो भरत नाही, त्याला बराच काळ लागतो. डब्यावरचे प्रमाण आणि बिलावरची तारीख यांवाचून हा निवाडा करता येत नाही.

ऑइलच्या जाडीविषयी इथे एक जुनी समजूत आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणून उन्हाळ्यात जाड ऑइल घालावे, असे मिस्त्री सांगतात. ॲम्बेसेडरच्या काळात तो सल्ला बरोबर होता. आजच्या इंजिनात ऑइलचे काम केवळ वंगणाचे राहिलेले नाही. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणाही त्याच दाबावर चालते आणि तिच्या वाटा बारीक असतात. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतले, तर सकाळी सुरू करताना वरच्या भागाला तेल पोहोचायला उशीर होतो आणि चेनचा खडखडाट ऐकू येतो. या बाबतीत कंपनीचा नकार बहुतेक वेळा योग्य असतो. बाजारातल्या कोणत्याही चांगल्या कंपनीचे, पण पुस्तिकेतल्या जाडीचे आणि प्रमाणाचे ऑइल घातले असेल, तर तोच नकार पोकळ ठरतो.

ऑइल फिल्टर बाहेरून पत्र्याचा साधा डबा वाटतो. आत गाळणीचा कागद, इंजिन बंद झाल्यावर ऑइल खाली निथळू न देणारी रबरी झडप, आणि कागद चोंदला तर ऑइलला वळसा घालून पुढे सोडणारी स्प्रिंगची झडप एवढे सामान असते. ही दुसरी झडप कमी दाबावर उघडली तर न गाळलेले ऑइल फिरत राहते. उशिरा उघडली तर बेअरिंग उपाशी राहतात. पहिली झडप कच्च्या रबराची असेल तर रोज सकाळी पहिले काही क्षण इंजिन कोरडे फिरते. चांगल्या उत्पादकाच्या फिल्टरमध्ये हे दाब त्या त्या इंजिनाप्रमाणे ठरवलेले असतात, म्हणून आटे जुळतात एवढ्यावर फिल्टर बसवणे धोक्याचे. नकली फिल्टर कापून पाहिला की फरक उघड दिसतो: कागदाच्या घड्या निम्म्या, झडपेच्या जागी नुसती चकती.

इंजिन उघडल्यावर बिघाडाच्या खुणा वेगवेगळ्या ओळखता येतात, आणि वॉरंटीच्या प्रश्नात हेच ज्ञान सर्वात मोलाचे आहे. ऑइल न पोहोचल्याने बसलेल्या इंजिनात बेअरिंगच्या पातळ पत्र्याचा वरचा थर जाऊन तांबूस धातू दिसतो आणि क्रँकशाफ्ट निळसर पडलेला असतो. धुळीने झिजलेल्या इंजिनात बेअरिंग एक वेळ ठीक असतात, पण सिलिंडरच्या वरच्या बाजूला पायरी पडलेली बोटाला लागते. पाणी कमी होऊन तापलेल्या इंजिनात पिस्टनच्या अंगावर चहूकडून ओरखडे असतात. चुकीच्या उष्णतामानाच्या स्पार्क प्लगमुळे इंधन वेळेआधी पेटत राहिले असेल तर पिस्टनचा माथा वितळतो, त्यावर खड्डे पडतात. कनेक्टिंग रॉड तुटला असेल तर तुटलेला पृष्ठभाग पाहावा: सागरकिनाऱ्यावरच्या लाटांसारख्या रेषा असतील तर तडा दिवसेंदिवस वाढत गेला आहे, आणि त्याची सुरुवात ओतकामातल्या किंवा घडाईतल्या दोषापासून झाली असण्याची शक्यता तपासावी लागते. अशा रॉडचा दोष बाहेरच्या एअर फिल्टरवर टाकता येत नाही.

भिलाईच्या माणसाला हा विचार नवा नाही. फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या इथल्या पोलाद कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात आणि प्रत्येक रुळावर कारखान्याची खूण, वर्ष आणि ज्या घाणातून तो निघाला त्याचा हीट नंबर असतो. रूळ कुठे तडकला तर तपास त्या नंबरापाशी येतो. त्या घाणाचे रासायनिक प्रमाण काय होते, तपासणीत काय दिसले होते, हे कागदावर सापडते. रूळ भिलाईचा आहे एवढ्यावरून कोणी दोष ठरवत नाही, आणि तो भिलाईचा नाही एवढ्यावरूनही नाही. हीच शिस्त गॅरेजात आली तर वॉरंटीचे निम्मे तंटे उभेच राहणार नाहीत. पार्ट नंबर, बॅच, बसवल्याची तारीख, त्या वेळचे किलोमीटर, आणि काढलेला जुना भाग, एवढे जपणारा मिस्त्री ग्राहकाचे आणि स्वतःचेही रक्षण करतो. कारखान्यात नोकरी करणाऱ्या आणि घरी स्वतः ऑइल बदलणाऱ्या अनेकांकडे अशी वही असते.

काही बदल मात्र असे आहेत की तिथे कारणाचा वाद फारसा चालत नाही. इंजिनाच्या संगणकातला कार्यक्रम बदलून ताकद वाढवणे हा त्यातला पहिला. डिझेल इंजिनात टर्बोचा दाब आणि इंधनाचा दाब वाढवला की ताकद वाढते, पण पिस्टन, क्लच, गिअर आणि टर्बो यांच्यावरचा भारही वाढतो. फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचे उदाहरण बोलके आहे. पूर्वी पुण्याजवळच्या रांजणगावातही तयार होणारे हे इंजिन स्विफ्टपासून पुंटोपर्यंत अनेक गाड्यांत होते, ७५ आणि ९० अश्वशक्ती अशा दोन रूपांत. कंपनीने ताकद वाढवली तेव्हा टर्बोचा प्रकारच बदलला. बाजारातला ट्यूनिंग बॉक्स मात्र फक्त सेन्सरचा संदेश बदलतो. टर्बो तोच, बेअरिंग तेच. बॉक्स काढून गाडी शोरूमला नेली की काही कळणार नाही, ही समजूतही खरी नाही. संगणकात कार्यक्रम नव्याने भरल्याची नोंद अनेकदा उरते, बिघाड होताना दाब किती होता हे साठवलेले असते, कनेक्टरच्या पिनांवर ओरखडे असतात. अशा गाडीच्या इंजिनाचा, टर्बोचा किंवा क्लचचा क्लेम नाकारला गेला तर तक्रारीला जागा राहत नाही. पण त्याच गाडीच्या एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसर गेला किंवा खिडकीची काच वर जाईना, तर तो क्लेम ट्यूनिंगकडे बोट दाखवून नाकारणे तितकेच चूक आहे.

दुसरा बदल बाहेरून बसवलेल्या सीएनजी किंवा एलपीजी किटचा. हे इंधन पेट्रोलसारखे व्हॉल्व्हच्या बैठकीला थंड करत नाही. बैठका त्यासाठी कठीण केलेल्या नसतील तर त्या झिजतात. कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेल्या गाडीत बैठका, इंजेक्टर आणि प्रज्वलनाची वेळ तशी जुळवलेली असते आणि वॉरंटी पूर्ण असते. बाहेरचे किट मान्यताप्राप्त असले, नोंदणी प्रमाणपत्रात इंधनाचा बदल रीतसर चढवलेला असला, तरी त्यातून फक्त कायद्याची बाजू पूर्ण होते. दुर्गच्या परिवहन कार्यालयाची नोंद ही वॉरंटीची नोंद नव्हे, ही गोष्ट किट विकणारा सहसा सांगत नाही.

आता क्लेम कसा पुढे सरकतो ते पाहावे, कारण ग्राहकाला मिळणारे उत्तर पुष्कळदा तिथेच घडते. गाडी आली की सर्व्हिस ॲडव्हायझर जॉबकार्ड उघडतो, किलोमीटरचा आकडा टिपतो, स्कॅनर लावून कोड काढतो, फोटो घेतो. क्लेम कंपनीच्या प्रणालीत भरला जातो. मोठ्या रकमेचा असेल तर कंपनीचा विभागीय अभियंता येऊन पाहतो. मंजुरी मिळाली की नवा भाग बसतो. काढलेल्या भागाला चिठ्ठी बांधून तो ठेवावा लागतो, कारण कंपनी तो मागवू शकते. शोरूमला मजुरी कंपनीकडून ठरलेल्या दराने मिळते. पुढे तपासणीत क्लेम चुकीचा ठरला तर दिलेले पैसे शोरूमच्या खात्यातून वळते होतात. म्हणजे चुकीच्या होकाराची किंमत शोरूमला मोजावी लागते, चुकीच्या नकाराची ग्राहकाला. काउंटरवरचा मुलगा वाईट नसतो. डोक्यावर महिन्याचे टार्गेट आणि मागे ऑडिटची भीती असताना बाहेरचा फिल्टर दिसला, की नकार हा त्याला सर्वात सुरक्षित मार्ग वाटतो. तो नकार बहुधा तोंडीच असतो, आणि तो कंपनीचा निर्णय आहे असे समजून ग्राहक निघून जातो. प्रत्यक्षात क्लेम कंपनीपर्यंत गेलेलाच नसतो.

यावर एकच उपाय खरोखर चालतो: नकार लेखी मागणे. कोणता भाग निकामी झाला, पुस्तिकेतल्या कोणत्या कलमाखाली क्लेम बसत नाही आणि बाहेरच्या भागाने तो बिघाड कसा केला, एवढे तीन मुद्दे जॉबकार्डवर किंवा ईमेलवर लिहून मागावेत. लिहायची वेळ आली की प्रकरण विभागीय अभियंत्याकडे जाते, आणि तिथे बसलेल्या माणसाला बेअरिंगचा तांबूस पत्रा आणि सिलिंडरची पायरी यांतला फरक कळतो. या टप्प्यावर काढलेले भाग आणि ऑइलचा नमुना ताब्यात ठेवायला हवा. दुरुस्ती घाईने उरकून भाग भंगारात गेले, तर पुढे कोणालाच काही सिद्ध करता येत नाही.

भारतातल्या कायद्यात या विषयाला सर्वात जवळून भिडणारा दस्तऐवज म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश. शमशेर कटारिया यांनी तीन मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या माहितीवरून २०११ मध्ये सुरू झालेले हे प्रकरण चौकशीत वाढत गेले, आणि आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हा मुख्य आक्षेप होता. वॉरंटीबद्दल आयोगाने जे म्हटले ते भिलाईच्या ग्राहकाच्या थेट उपयोगाचे आहे: बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतले की वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट कंपन्यांनी घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने त्यांतल्या काहींचा दोष कायम ठेवून दंडाचा हिशेब सुट्या भागांच्या उलाढालीपुरता केला. त्यामुळे हा आदेश हातात घेऊन काउंटरवर गेले की काम झाले, असे मानू नये. पण लेखी तक्रारीत त्याचा उल्लेख केला तर उत्तर देणाऱ्याला कारणाच्या मुद्द्यावर यावे लागते.

अमेरिकेत हाच नियम थेट कायद्यात आहे. तिथल्या १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने अमुकच कंपनीचा भाग वापरा, तरच वॉरंटी, अशी सक्ती सर्वसाधारणपणे निषिद्ध ठरवली. कंपनी तो भाग फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. भारतात असा वॉरंटीपुरता स्वतंत्र कायदा नाही, आणि तो असायला हवा. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले तेव्हा मोटारींचाही त्यात समावेश केला, हे त्या दिशेने टाकलेले पाऊल आहे. पण पोर्टलवरची माहिती आणि कायद्याने बांधलेली कंपनी यांत फार अंतर आहे.

तोपर्यंत आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. भिलाईत राहणाऱ्याला दुर्गच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, गाडी रायपूरच्या किंवा नागपूरच्या शोरूममधून घेतलेली असली तरी. कारण तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे दावा लावण्याची मुभा या कायद्याने दिली आहे. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वस्तूतला दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. इथे जपून ठेवलेले बेअरिंग आणि ऑइलचा नमुना कामाला येतात. आयोगात जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर कंपनीच्या मुख्य कार्यालयापर्यंत ती पोहोचते आणि पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.

तपासात दोष खरोखरच बाहेरच्या भागाचा निघाला, तरी ग्राहक निराधार होत नाही. २०१९ च्या कायद्याने उत्पादनाच्या दोषामुळे झालेल्या हानीची जबाबदारी त्या उत्पादनाच्या निर्मात्यावर टाकली आहे, आणि त्या वस्तूखेरीज अन्य मालमत्तेचे नुकसानही हानीत येते. फिल्टरच्या झडपेमुळे इंजिन बसले असेल, तर फिल्टर बनवणाऱ्याच्या दृष्टीने ते इंजिन ही अन्य मालमत्ता आहे. नामांकित उत्पादक अशा तक्रारीत फिल्टर मागवून तपासतात. बिल नसेल, किंवा भाग नकली निघाला, तर मात्र दावा करायचा कोणावर, हाच प्रश्न उरतो. मोटार कंपनी म्हणते भाग आमचा नाही, डब्यावर नाव असलेली कंपनीही तेच म्हणते, आणि दोघींचे म्हणणे खरे असते.

वाढीव मुदतीची वॉरंटी विकत घेतलेली असेल तर तिचे कागद वेगळे वाचावेत. ती बहुतेकदा वेगळा करार असते, काही वेळा विमा कंपनीशी जोडलेला, आणि प्रत्येक सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्येच करण्याची अट त्यात अधिक कडक असते. एक सर्व्हिस बाहेर झाली एवढ्या कारणावरून असे क्लेम फेटाळले जातात. अट पैसे भरण्याआधी सांगितली होती की नाही, हा तिथे वादाचा मुद्दा होऊ शकतो. जुनी गाडी घेणाऱ्याने शिल्लक वॉरंटी आपल्या नावावर चढवून घ्यावी, सर्व्हिसचा इतिहास शोरूममधून छापून घ्यावा, स्कॅनर लावून संगणकातल्या कार्यक्रमाची आवृत्ती तपासावी, आणि आधीच्या मालकाने बाहेर केलेल्या कामाची बिले गाडीच्या किल्लीबरोबरच मागून घ्यावीत.